बाहेरची कडी

सापडला

आधी हात सापडला.

डोमाजी गाडीत कापूस भरायला आला होता. बोरटेकहून अमरावतीच्या कापूसबाजारात जायचं तर उन्हं तापायच्या आत निघायला हवं, म्हणून घरी चहा घेऊन तो घाईनेच आला, कोठ्याच्या दाराची कडी काढली आणि दारापर्यंत ओघळून आलेल्या ढिगात दोन्ही हात खुपसले. कवेत कापूस आला. कापसाबरोबर मनगट आलं.

"मालक," डोमाजी त्या मनगटाला म्हणाला, "उठा. गाडी भराची हाये."

मालक, म्हणजे भगवंतराव, उठले नाहीत. कापूस दूर केला तेव्हा त्यांच्या नाकातही कापूस होता, तोंडातही.

डोमाजीच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. ज्याने त्याने काहीबाही विचारलं. डोमाजीने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, आणि ती कुणालाच ऐकायची नव्हती.

कडी बाहेरून लागलेली होती.

पडली

फौजदार देवमन तायडे दुपारी जीपने आला. भगवंतरावांचा धाकटा भाऊ नत्थुजी सकाळीच अकोल्याहून परतला होता. त्याने फौजदारासाठी अंगणात, निंबाखाली, बाज टाकून ठेवली होती.

"अथीच बसा साहेब. हवा चांगली हाये."

मार्गशीर्षातली हवा होती, अंगाला बोचत होती. देवमनला ती ओळखीची होती. छप्पन साली दीक्षा घेतली, मग वर्दी मिळाली, एकसष्ट साल उजाडलं; काही घरांच्या अंगणातली हवा तशीच राहिली.

"मले कोठा पाहाचा हाये," तो म्हणाला.

"अथून दिसते ना."

आतून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "येऊ दे त्याले, नत्थू. मेला तो माहा लेक हाये. उंबरा माहा हाये."

गोदाबाई दारात आल्या. उंच बाई. चौकटीखालून येताना त्यांना मान वाकवावी लागली.

आत ओसरीवर प्रेत होतं, पांढऱ्या धोतराने झाकलेलं. भिंतीला टेकून भगवंतरावांची बायको पार्वताबाई बसली होती. ओठ फाटलेला. उजवा हात पदराच्या झोळीत बांधलेला.

"ओठाले काय झालं?"

"मोरीत पडली."

"हाताले?"

"तथीच."

तिच्या पाठीशी शालू, दहा-अकरा वर्षांची. पोटरीवर काळानिळा पट्टा. "निंबावरून पडली," विचारायच्या आतच ती म्हणाली.

गोदाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, सरळ होतच नव्हती. देवमनने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"तरणी होती तवा जात्यावर पडली," गोदाबाई म्हणाल्या.

नत्थुजी खाकरला. "आन दादा दारू पिऊन कापसात पडला. त्यात काय एवढं पाहाचं?"

"या घरात मानसं लई पडतात," देवमन म्हणाला.

नत्थुजीने खुंटीवरची टोपी घ्यायला हात वर केला आणि शालूने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. टोपी घेऊन झाली, डोक्यावर बसली, तरी तिचे हात तिथेच.

देवमनने पार्वताबाईच्या मनगटांकडे पाहिलं. झोळीतल्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. डावा हात रिकामा, त्यावर काचेचे ओरखडे.

"या हातातल्या बांगड्या?"

पार्वताबाईने समोरच्या पांढऱ्या धोतराकडे पाहिलं, मग हाताकडे.

"वाढल्या," ती म्हणाली.

शेजारीण भाकरी करून द्यायची म्हणून परात घेऊन आली होती. शालू तिला हळूच सांगत होती, "काकू, पीठ संपलं."

"संपलं नाई म्हनू, पोट्टे!" गोदाबाई कडाडल्या. लेक समोर पडलेला, आणि म्हातारी शब्द दुरुस्त करत होती. "वाढलं म्हनाव. घरातलं काई संपत नसते."

लावली

"कडी कोनं लावली?" हा एकच प्रश्न देवमनने प्रत्येकाला वेगळं बसवून विचारला.

पार्वताबाई: मी लावली. तो मारून राहिला होता. लोटला आत आन लावली. मले न्या. आता न्या पायजे तं.

शालू: मायनं नाई लावली. मी लावली. मायले मालूमच नाई. माय चुलीपाशी पडली होती, बोलतच नवती.

डोमाजी: मी काढली, साहेब. लावली नाई. रातच्याले मी माह्या घरी होतो.

नत्थुजी: मी अकोल्यात होतो, बायकोच्या भावाच्या लग्नात. पंगत वाढून राहिलो होतो, शंभर लोकायनं पाह्यलं. वयनीनं कबूल केलं ना? मंग न्या तिले. पोट्टी माह्याकडे राहीन. तिले वळन लावा लागते. दादानं लाडावून ठेवली.

"लाडावून?"

नत्थुजी: तुमी परके साहेब, तुमाले घरातलं नाई समजाचं.

गोदाबाई: मी म्हातारी. मले लवकर झोप येते.

दोघींनी कबूल केलं होतं. त्यातली एक मूल होती. उरलेली तुरुंगात जाणार, आणि ते मूल नत्थुजीच्या घरी, वळण लावून घ्यायला. अंगणातून जाताना देवमनने पाहिलं: नत्थुजीने शालूचं अंथरूण गुंडाळून अंगणापलीकडच्या आपल्या दारात आणून ठेवलंसुद्धा होतं.

पुरला नाही

प्रेत अमरावतीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचं म्हणणं आलं. पोटात दारू. नखांत लाकडाच्या चिपा, दाराच्या. म्हणजे आत गेला तेव्हा माणूस जिवंत होता, शुद्धीत होता, दार ओरबाडत होता. मग झरोक्याकडे जायला ढिगावर चढला असावा आणि आढ्यापर्यंत रचलेला कापूस अंगावर सुटला. मारणाऱ्याला त्याच्या अंगाला हातही लावायची गरज नव्हती. कडी पुरेशी होती.

आणखी एक. उजव्या हातावर चावा. लहान जबड्याचा.

देवमनने शालूला कोठ्यापाशी नेलं. "चावली कावून?"

ती जमिनीकडे पाहत बोलली. बाबांनी मायला मारलं, माय उठेना, तेव्हा तिने बाबांचा सदरा ओढला. मग बाबा तिला कोठ्यात कोंडायला घेऊन निघाले. नेहमीसारखेच. दारात ती चावली. बाबा आत आपटले. ती पळाली ती गोठ्यात, कडब्यामागे. सकाळपर्यंत.

"आन कडी?"

"लावली. पयाच्या पैले."

"कशी लावली ते दाखव."

कडी चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात होती. डोमाजीने सांगितलं होतं: पहिल्यांदा खाली होती. शालूला कोंडलं की शेजारची लेकरं गुपचूप येऊन काढायची. मग मालकांनी सुतार बोलावून ती वर बसवून घेतली.

शालूने टाचा उचलल्या. हात पुरला नाही. "उडी मारून," ती म्हणाली. तिने उडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या उडीला रडू फुटलं, तरी ती उड्या मारतच राहिली. देवमनने तिला धरून थांबवलं.

मग पार्वताबाई. दार जुनं, खाली बसलेलं. एका हाताने ते वर ओढून धरावं तेव्हा दुसऱ्या हाताने कडी कोंड्यात जाई. पार्वताबाईने डाव्या हाताने कडी उचलली, दार सुटलं. दार धरलं, कडी निसटली. उजवा खांदा तर उतरलेलाच होता.

"परवा लागली होती," ती म्हणाली.

"नाई लागली. तुमी तिच्यासाठी बोलून राहिल्या. ते पोट्टं तुमच्यासाठी. तुमाले वाटते तिनं लावली, तिले वाटते तुमी लावली."

पार्वताबाईने कडी सोडली. तिने शालूला जवळ घेतलं आणि पहिल्यांदाच रडली. त्यात सुटका होती. पण मग भीतीही शिरली, कारण दोघींनी लावली नव्हती तर कोणी?

मायलेकी एकाच वेळी घराकडे पाहू लागल्या.

परतवली

सुंदराबाई, बांगड्या भरणारी. डोक्यावर टोपली, गावोगाव फेरी. फौजदाराचे प्रश्न ती अर्ध्यावरच तोडायची, म्हणून इथे फक्त तिची उत्तरं.

"त्या दिवशीच बोरटेकची फेरी होती बाप्पा. कोनी बलावलं नवतं."

"जाईनच ना पैले त्यायच्याच घरी! खोटं कावून बोलू, त्या घरानं मले जगवलं. दर महिन्याले दोनदा बांगड्या. कधी तीनदा. मनगटं पाहून मले समजे. मी काय बोलणार? हात दाबून हलक्यानं भरत जाओ, एवढंच."

"हो, बुडी सोता हात धरून बसे सुनेचा. रिकामा हात म्हंजे तिले खपे नाई. चहाच्या पैले बांगड्या भर म्हने."

"नाई ना! त्याच दिवशी नाई भरल्या. बुडी दारातच उभी. म्हने, जा सुंदरा, तिच्या बांगड्या फुटल्या. मी म्हनलं, मंग भरतो ना, त्यासाठीच तं आली. म्हने, जा म्हनलं ना. आन दार लोटलं. एवढ्या वर्सात पैलीच बार."

"तथून डोमाजीकडे. त्याच्या बायकोले भराच्या होत्या. डोमाजी चहा पीत होता, म्हने आज कापूस न्याचा हाये. तो गेला आन मी दुसरा हात भराले घेतला तं इकडे बोंब झाली. हातातली बांगडी पडली माह्या."

"त्यात काय सांगाचं साहेब? बुडीचं डोकं फिरलं असन सकायी सकायी."

वाढली

अमरावतीला देवमन घरी जेवायला आला. गोदाबाईंच्या बोलण्यात काहीतरी खटकलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. म्हातारीने काकणवालीला परत पाठवलं. का? सून लपवायची होती? पण सुंदराबाईने तर सुनेला त्याहून वाईट अवस्थेत पाहिलं होतं.

मोरीवर त्याची बायको भागीरथा हंडा घासत होती. खण्ण आवाज आला.

"घ्या. फुटली मेली. परवाच भरली होती."

"फुटली नाई म्हनू!" केशरबाई, देवमनची आई, चुलीपासून ओरडली. "नवरा समोर बसला हाये जिता-जागता. वाढली म्हन."

भागीरथा हसली. "मामी, तुमी सारे देव काढून टाकले ना घरातले? मंग हे कोनतं?"

"देव काढले. नवरा नाई काढला." दीक्षा घेतल्यावर केशरबाईने देव्हारा उतरवून त्यात मिठाची बरणी ठेवली होती, पण तिच्या घरात बांगडी अजून वाढतच होती. "फुटते ती रांडमुंडीची."

देवमनचा घास हातातच राहिला.

"काय झालं? मीठ जास्त झालं?"

"नाई माय," तो म्हणाला आणि ताटावरून उठला. "एका बाईनं शब्द चुकवला."

ऐकली

गोदाबाई कोठ्याच्या दाराशी बसल्या होत्या. कोठा रिकामा केलेला, दार उघडं. आत अंधार होता आणि कापसाचा कोमट वास. देवमन त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, सुनेच्या बांगड्या फुटल्या असं कावून म्हनलं तुमी?"

"फुटल्या म्हनून म्हनलं. लेक मेला माहा."

"सुंदराबाई तुमच्या दारातून निघाली आन डोमाजीच्या घरी गेली. तवा डोमाजी चहा पीत होता. कोठा उघडला नवता. भगवंतराव मेले हे गावात कोनालेच मालूम नवतं. त्या वक्ती सुनेच्या बांगड्या वाढल्याच होत्या, माय. तिच्या तोंडात तं नवरा समोर मरून पडला तरी वाढल्याच आलं. आन तुमी, पिठालेही संपलं म्हनू न देनारी बाई, तुमी म्हनलं फुटल्या. रिकामा हात तुमाले खपत नाई, आन तुमी बांगड्यावालीले परत धाडलं."

गोदाबाईंनी मान वर करून कडीकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या असत्या तर ती त्यांच्या हाताला सहज लागली असती.

"तोंडातून गेलं," त्या म्हणाल्या. "असे शब्द आयकनारा कोनी येईन असं वाटलं नवतं."

"सांगा."

"पोट्टी चावली आन पयाली. हा आत आपटला. मी इथीच होती. दार ओढलं, कडी लावली. म्हनलं सकाळी उतरन तवा काढीन. मंग हाका माराले लागला."

"काय म्हने?"

"माय, कडी काढ. माय, अंधार हाये. माय, मी आता नाई करत." त्यांचा आवाज बदलला नाही. "लहानपनी बी हेच म्हने. हेच शब्द. त्याचा बाप त्याले इथीच कोंडे. वळन लावतो म्हने. मी अशीच दाराशी बसून राहो. एक डाव कडीले हात लावला होता."

त्यांनी वाकडी बोटं पुढे केली.

"त्याच्या बापानं दार लोटलं. बोटं मंधात होती. जात्यावर नाई पडली मी."

"पन परवा तं कोनाचा भेव नवता."

"भेव कसा नवता? कडी काढली असती तं पैले इचारलं असतं त्यानं, पोट्टी कुठी हाये?" त्या थांबल्या. "तवा काढाले पायजे होती, बाबू. तवा नाई काढली. आता काढून काय करू?"

"मंग?"

"हाका थांबल्या. मले वाटलं, निजला. पहाटे काढून पाह्यलं. पाय दिसला. हात लावून पाह्यला, थंडगार. वरून कापूस ओढला." त्यांनी पदर नीट केला. "आन पुन्हा लावली. पोट्टीनं उठून पाह्यलं असतं ना."

मागे पावलं वाजली. नत्थुजी होता; केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक.

"माय, काय बोलून राहिली! साहेब, म्हातारचळ लागला हिले. गुन्हेगार ती बाई हाये. तिले न्या. पोट्टी—"

"चूप बस नत्थू. तुह्याही हाका आयकल्या मी या दारातून."

नत्थुजीचा हात टोपीकडे गेला.

"तू लहान होता. लवकर थकत जाय, मंग दाराले तोंड लावून हलक्यानं बोले. उंदीर हाये म्हने. आन तुह्या लेकाले तू कुठी कोंडतो, मले मालूम नाई का? ते पोट्टीचं अंथरून उचल आन तिच्या मायपाशी नेऊन टाक. माह्या देखत."

एवढा मोठा माणूस, टोपी काढून हातात घेतली, खाली पाहिलं आणि अंथरूण उचलायला गेला.

पार्वताबाई दारात आली होती. तिचे दोन्ही हात आता रिकामे होते.

"तुमी कावून सांगतलं, आत्याबाई? मी गेली असती."

"आन पोट्टीकडे कोन पाह्यलं असतं? मी?" गोदाबाई उठल्या. "मी कशी पाहतो ते पाह्यलं ना तू इतकी वर्स."

त्या जीपकडे निघाल्या. शालू खांबाआड उभी होती. आजी जवळ आली तेव्हा तिचे हात डोक्याकडे गेले, अर्ध्यावर थांबले. गोदाबाईंनी तिला शिवण्यासाठी हात उचललाच नाही. लांबूनच म्हणाल्या, "सुंदराबाई आली का लाल भरून घे. हिरव्या नको. लाल तुले चांगल्या दिसतात."

लागली

ठाण्यात बायकांसाठी वेगळी कोठडी नव्हती. मागची एक सामानाची खोली झाडून घेतली होती. देवमनने घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला, भिंतीवर कंदील अडकवला. डोमाजी मागाहून गाडीने येऊन एक निरोप सांगून गेला होता: पार्वताबाईने सुताराला बोलावून कोठ्याची कडी उपटून घेतली, आणि ती विहिरीत टाकताना शालूही सोबत होती.

गोदाबाईंनी ऐकलं. त्यांनी खोलीचं दार वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"याची कडी बाहेरूनच हाये?"

"हो, माय. बाहेरूनच असते."

"लाव मंग." त्या घोंगडीवर बसल्या आणि वाकडी बोटं मांडीवर ठेवली. "मी हाका नाई मारत."

देवमनने दार ओढलं, कडी लावली. शिपाई कागद घेऊन आला, साहेब सही, म्हणाला, मग पुन्हा म्हणाला. देवमन हलला नाही. तो दाराला कान देऊन तिथेच उभा राहिला, आतून हाक आलीच तर काढता यावी म्हणून, कडीवर हात ठेवून.